इतिवृत्तात राहून गेलेलं

सभा चारची होती, सुरू झाली पावणेसहाला,
नाईक तलावामागच्या विणकर समाजभवनात.
पंखा एक, खुर्च्या अकरा, बाकी सतरंजीवर.
लिहायला मी.

साहेबांनी भिंतीवर शहराचा नकाशा पाडला:
सिव्हिल लाइन्स फिकट,
आमची पेठ लालभडक.
"इथेच जास्त का?" त्यांनी विचारलं.
उत्तरही तेच घेऊन आले होते, छापील.

देवाजी हेडाऊ उठले. पंचांत सगळ्यात वडील.
तोंडात तीन बोटं जायला हवीत, म्हणते दवाखान्यातली बाई,
देवाजींच्या एक जातं, तेही करंगळी.
वरण-भात पातळ करून पितात.
शब्दही तसेच गाळून येतात,
सभा पुढे झुकते.

"सायेब, मागावर हात रिकामा नसते,
तोंड रिकामं असते. बारा बारा तास.
खर्रा भूक मारते जी.
भूक कोन्त्या रंगात हाये तुमच्या नकाशात?"

मी लिहिलं: सदस्यांनी सूचना मांडल्या.

गिरजाबाई बारापात्रे बसूनच बोलल्या,
"पोस्टर नोको. सडका जबडा
मी घरी दोन साल धुतला."

दाराशी वामन, पानठेलेवाला, न बोलावलेला.
हात रिकामे, तरी मांडीवर तळवा घासतच होता.
"ठेला बंद करा म्हना. पन मंग काय विकू,
थेबी सांगा."
कुणी हसलं नाही.
हे मी लिहिलं नाही.

मग देवाजी म्हणाले,
"मयतीपासून सुरू करू.
धाकट्या भावाचं गालाचं ऑपरेशन झालं होतं, तुमाले मालूम हाये.
घाटावर तो जळून राह्यला होता
अन् पन्नी फिरत फिरत माह्यापाशी आली.
म्या हात पुढं केला."

पंखा फिरत राहिला.

"उद्यापासून आपल्या मयतीत खर्रा नाई.
पंच म्हनून सांगतो."

"अन् लग्नात?" मागून एका पोट्ट्यानं विचारलं.
"लग्नाचं मंग पाहू बे."

साहेबांनी छापील योजना पालथी केली,
कोऱ्या बाजूवर लिहायला पेन मागितला.
माझाच दिला.
इतिवृत्त तिथं थांबतं.

हात मोकळा झाला तसा सवयीनं खिशात गेला.
पन्नी वाजली.

देवाजींनी आवाज ओळखला.
माझ्याकडे पाहत तीन बोटं वर धरली,
एकावर एक,
आणि हनुवटीनं खुणावलं:
उघड.