खालची डावी दाढ

नेवेंका आली तेव्हा वारा दार लावू देत नव्हता.
अंगाला मेंढ्यांचा वास. खुर्चीत बसली
आणि बोट दाखवून म्हणाली,
"ही. खालची डावी. उपटून टाका."

मी एकेक दात ठोकून पाहिला,
गार पाण्याचा फवारा मारला.
ती हूं की चूं करेना.
दाढ निरोगी होती, माते पिऊन पिवळी पडलेली,
कुंपणाच्या जुन्या खांबासारखी घट्ट.

"दुखते कधी?"
"कब्रस्तानाची चढण चढताना.
वारा समोरून असला तर अर्ध्यातच."
"आणि थांबलात की?"
"थांबलं की थांबते."

दाढ चढण मोजत नाही.
किडलेली दाढ रात्री उशीवर जागी होते,
साखरेवर चिडते. तिला टेकडीचं काय?

"हात?"
"तो दुखणारच. चाळीस हंगाम लोकर कातरली,
या हाताने मेंढी दाबून धरत.
करंगळीपर्यंत जड होतो.
पाठीत कुणी अंगठा रोवल्यासारखं."
"छाती?"
"छाती ठणठणीत आहे माझी."
बोलताना तिची मूठ छातीवरच होती,
तिच्या नकळत.

काळजाच्या आणि हाताच्या तारा
कण्यात एकाच दाराने आत शिरतात.
मेंदूने काळीज कधी पाहिलेलं नसतं,
हात मात्र रोजचा.
वर्दी आली की तो ओळखीचंच नाव घेतो:
खांदा. कोपर. जबडा.
आग एका गावी, बंब दुसऱ्याच.
आणि आमच्या बेटाचं तर नावच अग्निभूमी.

हे सगळं मी तिला याहून कमी शब्दांत सांगितलं,
अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, फोन फिरवला.
सामुद्रधुनीतली फेरीबोट वाऱ्यामुळे बंद;
विमान येईल म्हणाले, बघतो म्हणाले.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "तोन्कोचा खांदा दुखत होता.
त्या रात्री.
मी पहाटेपर्यंत चोळला, निलगिरीचं तेल लावून.
तो म्हणाला, जरा बरं वाटतंय."

तिने उजवा तळवा उलटा करून पाहिला,
पुन्हा सुलटा.

मी काय बोलणार?
चिमटा ट्रेमध्ये तसाच पडून होता.
बाहेर गाडी येऊन थांबली,
आणि दोन माणसांना मिळून
तिचं दार उघडून धरावं लागलं.