चार बोटांचा फरक

खानापूरच्या पलीकडं, शाळेची कौलं परतताना
भरमाणी कुंभार खाली आला, कौलांसकट.
ट्रॉलीतून आणला, एका दारावर निजवून.
दार कुणाच्या घरचं, कुणी न्यायला आलं नाही;
वॉर्डाच्या मागं भिंतीला टेकून आहे,
कडी अजून लोंबते.

सोमवारी डॉक्टर हंजींनी टाचणी लावली,
पायाकडून वर, सावकाश,
आणि बेंबीखाली दोन बोटांवर
निळ्या बॉलपेननं रेघ मारली : इथवर.
कागदावर लिहिलं, ए.

संध्याकाळी डॉक्टर निगम. लखनौकडचे, पोरसवदा.
त्यांची रेघ पार जांघेपाशी.
मग पडदा ओढून, कुशीवर वळवून
नाव न घ्यायच्या जागेची तपासणी.
कळतंय, म्हणाले. कागदावर बी.

दोन रेघांमधे चार बोटं कातडी.
ती कुणाच्या हद्दीत?
हसू नये, पण मला आलं.
आमच्याकडं रेघ कुठून जाते यावर
म्हातारे मरेपर्यंत बोलतात.

निगमना मराठी येत नाही, कन्नडही नाही.
मधे मी, सिस्टर फिलोमिना.
'टोचतंय काय रे, का नुसतं लागतंय?'
भरमाणी म्हणाला,
'घोंगड्यावरनं कुणी बोट ठेवल्यागत.'
याला हिंदीत काय म्हणायचं?
मी म्हटलं, हां, थोडा.
माझ्या त्या थोड्यावर
माणूस एक अक्षर पुढं सरकला.

शनिवारी अंधाऱ्या खोलीत चाळीस फोटो.
नावांवर चिकटपट्टी मीच लावलेली.
तीन सर्जन लांब लांब बसले,
एकमेकांचा कागद न बघता, परीक्षेसारखे.
मणका नुसता दबला, की फुटला,
की मागचा बांधही गेला?
तीन आठवड्यांनी तेच चाळीस, क्रम बदलून.
आकडे करणाऱ्या बाई म्हणाल्या,
शून्य पूर्णांक बासष्ट. वाईट नाही.

एकमेकांशी पटलं नाही
याचं कुणाला फार वाटलं नाही.
डॉक्टर सामजी मात्र गप्प झाले.
अकरा फोटोंत त्यांचं
त्यांच्याशीच पटलं नव्हतं.
तीस वर्षं मणके जोडलेला माणूस
चहा तसाच ठेवून गेला.

सतरावा फोटो मी ओळखला, चिकटपट्टी असून.
मणक्याच्या बाजूला करदोड्याची किल्ली,
पांढरीशुभ्र, दात मोजता येतील अशी.
घाईत काढायची राहिली होती.
किल्लीबद्दल तिघांचं पटलं असतं.
किल्लीबद्दल कुणी विचारलं नाही.

सत्यव्वा रोज विचारते,
'नेमकं किती लागलंय, बाई?'
आणि दोन्ही हात पसरते,
मग जवळ आणत जाते, कापड मापल्यासारखे,
मी कुठं थांबवीन ते बघत.
मी औषधाच्या ट्रेमधलं काहीतरी शोधते.

सकाळच्या स्पंजात दोन्ही रेघा निघून गेल्या.
एक जरा जास्त घासावी लागली,
कुणाची ते आता आठवत नाही.

काल रात्री हात धुऊन आले
आणि त्याचा पाय सरळ करत होते, तोच
'गार हाय,' तो म्हणाला.
काय गार? कुठं?
त्यावर नुसता घोरला.

फोन उचलला. निगमना लावला.
एक रिंग झाली तशी ठेवून दिला.
त्याचे डोळे मिटलेले होते का?
की नळ ऐकला, ओले हात बघितले,
आणि म्हणाला, बोलायचं म्हणून?
दिवा पायथ्याशी होता. तोंडावर अंधार.
मी बघत होते, ती त्याच्या अंगठ्याकडं.

नोंदवहीत लिहिलं, पेन्सिलीनं :
दोन पस्तीस. 'गार' म्हणाला.
आणि खाली सही केली.
ती पेनानं.