खर्ज

टॉडमॉर्डनच्या बाजारगल्लीत, सायकलवाल्याच्या वर
माझं दुरुस्तीचं दुकान.
येतात ती बहुतेक शाळकरी व्हायोलिनं,
पोटावर पेन्सिलीनं नावं लिहिलेली.

हिल्डा ग्रीनवुड मात्र चादरीत गुंडाळून
साप घेऊन आली.
सर्पंटच म्हणतात त्याला : अक्रोडाचं लाकूड,
वर काळं कातडं, वेटोळ्यांवर वेटोळी,
सहा भोकं, मानेत पितळ.
दोन जागी उसवलेला,
पोटात उंदराचं जुनं बिऱ्हाड.

‘ईनकचा,’ ती म्हणाली, ‘माझ्या पणजीचा आजोबा.
बाराव्या वर्षी मागावर लागला.
मागांची खडखड कानातले वरचे सूर आधी खाते.
आधी चिमण्या गेल्या,
मग बायकोचं बोलणं,
मग पाळण्यातलं रडणं.
उरलं ते जमिनीतून येणारं.
रविवारी चर्चच्या माडीवर हे वाजवायचा,
स्वतःचं एवढंच त्याला कळायचं,
तेही तळपायांना.
पुढं ऑर्गन आला. पाद्री म्हणाला,
हा आवाज काळा आहे,
देवाघरी नको.’

काळा?
आमच्या मिरजेत पेटीवाल्याला सांगतात, काळी चार धर,
कुणी दचकत नाही.
काका तंबोऱ्याला जवारी लावायचे.
खर्जाच्या तारेला मी लहानपणी भ्यायचे
तेव्हा म्हणाले होते :
विहिरीतलं पाणी ओंजळीत घे बघू,
राहतं का काळं?

तीन आठवडे सरस, दोरा, कातडं.
चौथ्या शुक्रवारी ओठ लावले.
आधी नुसती हवा,
मग रेड्यानं घसा खाकरावा तसं काहीतरी,
मग
खाली सायकलवाल्याचे पाने
खिळ्यांवर किणकिणू लागले.

हिल्डानं कानातली दोन्ही यंत्रं काढून
टेबलावर ठेवली,
खिडकीच्या काचेला तळहात टेकला.
‘अजून खाली,’ म्हणाली.

अजून खाली भोकच नव्हतं.
ओठ सैल सोडले,
पहाटे खर्ज भरताना गळा सोडतात तसे,
आणि तो उतरला,
कुठवर ते मला ऐकू आलं नाही.
हिल्डाची मान हलत होती.

बिलात लिहिलं :
बिऱ्हाड काढलं, शिवण घातली, पितळ सरळ केलं.
तिसरं भोक तसंच ठेवलं आहे.
कुणाच्या तरी बोटानं झिजून ते लांबट झालंय;
माझं बोट टेकवलं
तर कडेनं वारा जातो.