फेस

आमोण्याला, बार्ज-यार्डाच्या मागे,
फणसाच्या डाव्या अंगाला नऊ भोकं पाडलीत आम्ही.
सहांतून साबण आत जातो,
तिघांतून जे यायचं ते वर येतं.

साबण म्हणतो, पिएदादबाईंना कळावं म्हणून.
कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं आहे.
त्याचं एक टोक पाण्याशी सलगी करतं,
दुसरं तेलाशी,
आणि तीस वर्षं मातीला धरून बसलेलं डिझेल
जत्रेतल्या पोरासारखं
बोट सोडतं,
भलत्याचंच धरतं.

बाई रोज सकाळी बांयत कळशी सोडतात,
ओढतात, नाकाशी नेतात,
आणि माझ्याकडे बघतात
जणू हा वास मीच आणलाय, जेवणाच्या डब्यातून.

अगदीच खोटं नाही ते.
बाप माझा याच यार्डात फिटर.
इंजिन उघडलं की खालचं काळं टिनात धरायचा
आणि भोंग्याआधी ओतून यायचा
फणसाच्या मुळाशी.
सगळेच ओतायचे. जमीन पिते, म्हणायचे.
घरी आई त्याची डांगरी दगडावर आपटायची,
अर्धी वडी एका खांद्यावर संपायची,
ते पाणी परसात, अळवाला.
अळू हे एवढं यायचं.
आम्ही खायचो.

तेराव्या दिवशी तिसऱ्या भोकातून फेस आला.
चहात बुडवलेल्या पावाचा रंग,
वर मोरपिशी तवंग.
वेळीपाच्या तुळशीदासनं पिंपाला झाकण ठोकलं,
खडूनं नंबर घातला.

पिंपं जातात खंय? बाई म्हणाल्या.
ट्रकमधून, म्हटलं.
आणि ट्रक?
मला डिचोलीच्या नाक्यापर्यंतचं ठाऊक होतं.
आणि तुझो साबण? तो कोण धुतलो?
साध्या पाण्यानं धुतात, म्हटलं. पुष्कळ साध्या पाण्यानं.
खंयच्या बांयचें, पुता?

आज आकडा आला.
एकशे चाळीस होता, आता अकरा.
शून्य कधीच येत नाही, हे बोललो नाही.
त्यांनी कळशी ओढली,
वास घेतला,
बराच वेळ घेतला.
प्यायल्या नाहीत,
ओतूनही दिली नाही.
पायरीवर ठेवली, माझ्यासमोर,
आणि आत गेल्या
पेला आणायला.