सबटायटलवाल्याची नोंद

पंधरांत आलोय, तेजल गिरासेने फोनवर सांगितलं,
आता पंधरांतून पाच निवडणार.
मी दोंडाईच्याच्या स्टँडवर, नंदुरबारची गाडी लागत होती,
कंडक्टर ओरडत होता, म्हणून विचारलं, पाचशे?
नाही सर. पाच.

माझं काम एवढंच होतं:
मिरचीच्या पथारीवर बायका अहिराणीत जे बोलल्या
ते इंग्रजीत, पडद्याच्या तळाशी बसवणं.
एका ओळीत चाळीस अक्षरं. जास्त झालं
की माणसं वाचत बसतात, बघत नाहीत.
एकतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं,
इतकं मोजून कुणी मागितलं नव्हतं.

तिकडे अंदाज बांधणारे असतात म्हणे.
कोण पुढे, कोण मागे, आकडे रोज हलतात
बाजार समितीतल्या लिलावासारखे.
युद्धावरची फिल्म सगळ्यात वर. तिच्यात एक मुलगा आहे,
तो कॅमेऱ्याकडे बघतो आणि काहीच बोलत नाही.
(त्याला सबटायटल लागलं नसणार.)
मग वितळणारा बर्फ, मग तुरुंग, मग एक म्हातारी गायिका.
आमची मिरची तेराव्या नंबरावर.
वर सरकायचं तर जाहिराती हव्यात, जेवणावळी हव्यात,
थिएटर भाड्याने घेऊन मतदारांना खुर्चीत बसवायला हवं.
तेजलकडे उरलेत सत्तर हजार
आणि भावाची जुनी बोलेरो.

रूपताबाईला सांगायला गेलो.
नजर जाईल तिथवर लाल.
उकिडवी बसून देठ खुडत होती, नाकावर पदर,
फिल्ममध्ये आहे तशीच,
फक्त मागून कुत्रं गेलं, ते कुणी थांबवलं नाही.
"इनाम म्हंजे काय देतस?"
बाहुली. सोनेरी.
"वजन कितलं शे?"
मी शोधून ठेवलं होतं. चारेक किलो.
चार किलोची खुडाई किती होते
हा हिशेब तिच्या बोटांत थोडा वेळ थांबला.
शेजारची धनकोर हसली,
"च्यार किलोसाठे इतला लांब जातस!"

एक गोष्ट तेजलला सांगितलेली नाही.
एकोणिसाव्या मिनिटाला रूपताबाई म्हणते,
"ठसका गया ना, ते समज बाई गई."
ठसका, मिरचीचा, घशात लागतो तो.
आणि ठसका, बाईच्या चालण्यात असतो तो.
दोन्ही एकाच वाक्यात, पदर न सावरता.
अकरा दिवस शब्द शोधला.
धुळ्याच्या ग्रंथालयातला जाड कोश काढून
दुपारभर उभा राहिलो.
शेवटी खोकला लिहिलं. बसतं म्हणून.
खोकला गेला की बाई गेली.
तिकडचा माणूस वाचेल, म्हणेल, दम्याची केस दिसते.
तेरावा नंबर कदाचित माझ्यामुळे असेल.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती पथारीवरच, हंगाम संपल्यावर.
जमीन झाडलेली, दोन गोदामांमध्ये चादर ताणलेली.
सबटायटलं कुणी वाचली नाहीत.
पडद्यावर फावड्याने ढीग उलटला, लाल धूळ उठली,
आणि खाली बसलेली दोनअडीचशे माणसं
एकदम ठसकली.
पोरं, मुकादम, चहावाला सुद्धा.
हवेत मिरचीचा कण नव्हता.
साउंडवाला वसीम माझ्याशेजारी उभा होता,
म्हणाला, सर, हे रेकॉर्ड करायला हवं होतं.
मशीन बोलेरोत, चावी तेजलकडे.

यादी आज संध्याकाळी सातला वाचणार. तिकडे पहाट.
रूपताबाईचा काटा सहाला होतो, ती थांबायची नाही,
तिच्या गल्लीत आज पाण्याची पाळी.
मी फोन चार्जिंगला लावलाय.
वहीत आणखी एक शब्द लिहून ठेवलाय,
काल रात्री सुचलेला, सात अक्षरांचा.
तोही बरोबर नाही.