राखण

तो उजेड मी पाहिला होता. हे आधी लिहितो,
नाहीतर पुढचं सगळं कुणी माझ्या पुण्याईत धरेल.

एकाहत्तरचा डिसेंबर. खारबंदरात दिवाबंदी,
खिडक्यांना काळे कागद, चुलीपुढे गोणपाट.
मास्तर सांगत, शत्रूची बोट
बिडीच्या ठिणगीवरही तोफ रोखते.
मी तेरा वर्षांचा. तिन्हीसांजेला ताडावर
बापाचं मडकं बांधताना मोहल्ल्यात उजेड दिसला:
हलला, विझला, परत लागला.
खाली उतरून मी बोललो. एवढंच.

बोलणं तरीत बसून पलीकडे गेलं.
पलीकडच्या बाजारात त्याचं बिनतारी यंत्र झालं,
चढण चढून वर पोचेस्तोवर
जैतूनबीच्या माळ्यावर नकाशे होते
आणि दर्यावरच्या बोटीचा कप्तान तिचा भाचा.

शेळी व्याली होती तिची.
दोन करडं. दुसरं पायाळू.

मोहल्ल्यातले कर्ते पुरुष कुवेतला, नाहीतर आगबोटीवर.
उरलेले म्हातारे, पोरं, मशिदीचा लंगडा बांगी.
तेव्हा धाकू पावश्याने राखण बसवली.
सरकारी नव्हे. सरकार म्हणजे एक शिपाई
आणि त्याची पंक्चर सायकल.
सात खारवी, भाले घेऊन. माझा बाप आणि चार भंडारी,
कमरेला ताडीचे कोयते.
याकूब तिसेकर, मेहुण्याची हॉकी घेऊन.
हुरमतबाय मिरचीची पूड घेऊन, तिला कुणी बोलावलं नव्हतं.
आणि इस्माईल सारंग, बोटीवरची जुनी शिट्टी गळ्यात.
सारंग नि धाकू जाळ्याच्या पैशावरून
नऊ वर्षं बोलत नव्हते.
एकाच उपड्या होडीवर पाठीला पाठ लावून बसले,
तरी बोलले नाहीत.
मला धाकू म्हणाला, तुला लांबचं दिसतं ना? मग बस इथं. बघ.
ते कौतुक नव्हतं.

चार रात्री काही नाही. भाकरी, बोंबलाची चटणी, डास.

अष्टमीला ते आले. चंद्र उगवायचा होता.
मोठा मचवा, तीसेक माणसं, रॉकेलचे डबे.
भांगेचं पाणी ठाऊक नसलेली वरची माणसं ती;
मधल्या दांड्यावर चढली आणि रुतली.
आधी शिव्या ऐकू आल्या. मग देवांची नावं.
एक आवाज माझ्या मामाचा होता.

सारंगाने पाण्याचा वास घेतला. म्हणाला,
आता भरती लागेल. मचवा कलंडेल.
मरू देत, असं कुणीतरी म्हणालं.
तो माझा बाप होता, असं मला वाटतं.
अंधार होता. मी विचारलं नाही, पुढेही कधी नाही.

धाकू उठला. नऊ वर्षांनी त्याचा पहिला शब्द:
"वल्ही कुठं?"
"तुझ्याच पायाखाली," सारंग म्हणाला.

उजेड हवा होता.
जैतूनबी कंदील घेऊन आली, तोच.
बंदी आहे, बाप म्हणाला.
"गुन्हा माज्या नावावर आदीच लिवलाय," ती म्हणाली,
"आता लावून तरी घेते."
आणि वात वर केली, पार वर.

दोन होड्यांच्या पाच खेपा.
उतरलेल्यांना भाल्यांच्या रांगेतून चालवत
हद्दीबाहेर सोडलं. कुणी कुणाला मिठी मारली नाही.
मामाच्या दाताला दात लागत नव्हते, त्याने मला पाहिलं,
आणि मी बघत होतो, कारण मला तेच काम दिलं होतं.
डबे मात्र धाकूने ठेवून घेतले.
रॉकेल रेशनवर मिळत नव्हतं.
मोहल्ल्यात अर्धं, खारवाड्यात अर्धं,
वाटताना पुन्हा भांडण झालं.

युद्ध आठवड्यात संपलं. राखण आणखी महिनाभर बसली.

जैतूनबी मला मरेपर्यंत हाक मारायची:
"काय रे, लांबचं बघणाऱ्या!"
धाकूकडून ऐकलेलं नाव असेल ते.
किंवा नसेल.
ईदला खीर द्यायची, वाटी भरून,
आणि मी ती अंगणात उभ्यानेच संपवायचो,
कंदिलाच्या खुंटीकडे पाठ करून.