साफ केलेली प्रत

वेंगुर्ल्याला कुरिअर दोन दिवस उशिरा आलं.
डबीवर काळा समुद्र, उघडी शवपेटी,
पेटीत आई.
तिच्या कपाळावर किमतीचा स्टिकर.

मी तेव्हा सहा वर्षांची. पुण्याहून माणसं आली,
एन्थनी सुताराकडून फणसाची पेटी करून घेतली,
रात्रीचे चाळीस रुपये, वर जेवण.
"फिलोमेनाबाई, श्वास पोटात धरा."
सिनेमा कुठे लागलाच नाही.
पेटी आमच्या माळ्यावर राहिली,
सुक्या बांगड्यांना बरी पडली.

आता ओरखडे पुसलेत म्हणे, एकेक चित्र धुऊन.
खरंच, कुर्ल्यांचे पाय मोजता येतात.
दीपस्तंभाचा झोत उलटा फिरतो,
चर्चच्या घंटेतून ओले केस गळत राहतात,
का, ते शेवटपर्यंत कळत नाही.
आई लसूण सोलतेय.
बोस्त्यावकाका मध्येच, "ही होडी माझी न्हय?"

सिनेमा संपल्यावर, न वापरलेले तुकडे:
लाट पेटीत शिरते,
मेलेली बाई ताडकन उठून बसते
आणि कॅमेऱ्याला शिव्या घालते.
आम्ही हसलो. पुन्हा लावलं.

बाबा गेले त्या आषाढात रस्ता तुटलेला,
सुतार तापाने आडवा.
माळ्यावरून तीच उतरवली. तीनदा धुतली,
वास होताच.
तो विषय आज कुणी काढला नाही.
काकाने नेमकं तिथेच चित्र थांबवलं होतं,
त्याला चहा हवा होता.

आई सुपातली सालं पाखडत म्हणाली,
"चार राती मी झोपलंय त्यात.
त्येंका थंडी लागली नसतली."